वाचकांचे प्रश्न : टॉवरचं बोलणं पायलटला नीट ऐकू येतं का हो?

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की बिजासन टेकडीजवळ संध्याकाळी पोरंबाळं घेऊन विमानं बघायला जे लोक थांबतात त्यांना विमान दिसतं, पण विमान आणि टॉवर यांच्यातलं बोलणं ऐकू येत नाही, आणि खरं काम त्या बोलण्यावर चालतं. त्यावर पत्रं आली, व्हॉट्सॲपवर मेसेज आले, दोघातिघांनी सराफ्यात गाठून विचारलं. मी टॉवर आणि रडार मिळून ३१ वर्षं कंट्रोलर होतो, म्हणजे पायलटला कधी उतरायचं, किती उंचीवर राहायचं हे जमिनीवरून रेडिओवर सांगणारा माणूस, आता रिटायर होऊन इंदूरलाच आहे, त्यामुळे जे माहीत आहे ते सांगतो. सगळ्या पत्रांना उत्तर देता येणार नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत.

माझा मुलगा दर महिन्याला इंदूर-बेंगळुरू करतो. मागचा लेख वाचून मला उलट काळजीच लागली. एवढी मोठी मशीनं, एवढी टेक्नॉलॉजी, मग पायलटला चुकीचं ऐकू येतंच कसं? — एक आई, राजेंद्रनगर, इंदूर

काकू, काळजी समजते. आधी एक सांगतो की चुकीचं ऐकू येणं रोज होतं, आणि रोज पकडलंही जातं, तुमचा मुलगा सुखरूप घरी येतो तो त्या पकडण्यामुळे.

आता कसं होतं ते. विमानात जो रेडिओ असतो तो जुन्या पद्धतीचा, एएम, म्हणजे आपल्या विविध भारतीच्या मीडियम वेव्हला जी पद्धत होती तीच, फक्त फ्रिक्वेन्सी वरची, ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या मधली. एका फ्रिक्वेन्सीवर दहा-पंधरा विमानं आणि एक कंट्रोलर, सगळे एकमेकांचं ऐकतात पण बोलायचं एकानेच, बटण दाबून. तुम्ही बटण दाबलं की तुम्हाला दुसऱ्याचं ऐकू येणं बंद. दोघांनी एकदम दाबलं तर बाकीच्यांना शिट्टीसारखा चिरका आवाज येतो आणि दोघांचंही बोलणं वाया जातं. मोबाइलवर जसं दोघं एकदम बोललो तरी काहीतरी कळतं तसं इथे नाही.

म्हणून नियम असा की कंट्रोलरने सांगितलं की पायलटने तेच परत म्हणून दाखवायचं. उंची, दिशा, स्पीड, रनवेवर जायचं की बाहेर थांबायचं, हवेच्या दाबाचा आकडा, हे सगळं परत म्हणावंच लागतं, त्याला रीडबॅक म्हणतात. आणि कंट्रोलरने ते परत म्हटलेलं कान देऊन ऐकायचं. अर्धं काम पायलटचं, अर्धं कंट्रोलरचं, आणि माझ्या अनुभवात जास्त वेळा दुसरं अर्धं निसटतं. कारण कंट्रोलर तोपर्यंत मनाने पुढच्या विमानाकडे गेलेला असतो.

एक उदाहरण देतो. १९ फेब्रुवारी १९८९, क्वालालंपूर. फ्लाइंग टायगर कंपनीचं मालवाहू जंबो सिंगापूरहून येत होतं, आत चार माणसं. कंट्रोलरला सांगायचं होतं २,४०० फुटांवर या. तो म्हणाला, 'डिसेंड टू फोर झीरो झीरो'. आता इंग्रजीत टू म्हणजे दोन पण आणि टू म्हणजे 'पर्यंत' पण, नाही का? कंट्रोलरच्या डोक्यात दोन-चार-शून्य-शून्य, पायलटच्या कानात 'चारशेपर्यंत खाली या'. पायलटने परत म्हटलं, 'ओके, फोर झीरो झीरो'. तिथे कंट्रोलरने थांबवायला हवं होतं, थांबवलं नाही. विमान डोंगराला लागलं, चौघंही गेले. जमीन जवळ आल्याची वॉर्निंग कॉकपिटमध्ये वाजत होती तरी ती मनावर घेतली गेली नाही. 'टू थाउजंड फोर हंड्रेड फीट' असं सरळ म्हटलं असतं तर हा घोटाळा झालाच नसता.

आपल्याकडेही बघा ना, इंदुरात दुकानदार हिंदीत फोन नंबर सांगतो, 'उन्यासी' म्हणतो, म्हणजे एकोणऐंशी, आणि आपण मराठी डोक्याने एकोणनव्वद लिहून मोकळे होतो, मग नंबर लागत नाही. म्हणून विमानात दिशेचे, स्पीडचे आकडे एकेक सुटे म्हणतात, पाचाला 'फाइफ', नवाला 'नाइनर', तिनाला 'ट्री', कारण खरखरीत फाइव्ह आणि नाइन अगदी सारखे लागतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण यातला एकही उच्चार हौसेने केलेला नाही.

तुमच्या हातून अशी चूक कधी झाली का? खरं सांगा. — एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

झाली आहे. एअरपोर्टचं नाव सांगत नाही. रात्रीची ड्यूटी, एकाच कंपनीची दोन विमानं, एकाचा शेवटचा आकडा चार-एक-दोन, दुसऱ्याचा चार-दोन-एक. मी चार-दोन-एकला खाली यायला सांगितलं आणि उत्तर दिलं चार-एक-दोनने. आवाज वेगळा होता, नंबर वेगळा होता, त्याने स्वतःचा नंबर स्पष्ट म्हटला होता, नंतर टेप ऐकली तेव्हा तर इतकं स्वच्छ ऐकू येत होतं की मला विश्वास बसेना. पण त्या क्षणी माझ्या कानाने तेच ऐकलं जे मला ऐकायचं होतं. शेजारच्या सीटवरच्या सहकाऱ्याने माझ्या खांद्यावर हात मारला आणि फक्त 'कोण बोललं?' एवढंच विचारलं, मी लगेच त्या विमानाला आहे त्या उंचीवर थांबवलं. खाली दुसरं विमान होतं, लांब होतं, काही झालं नाही. पण घरी जाऊन झोप लागली नाही, आणि त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी सारखे नंबर आले की दोघांनाही आधीच सांगून ठेवायचो की बाबांनो तुमच्यासारखाच दुसरा एक फ्रिक्वेन्सीवर आहे, नीट ऐका.

कान बिघडलेला नव्हता, रेडिओ बिघडलेला नव्हता. मनाने आधी ठरवून टाकलं होतं की आता अमुक बोलणार, आणि कान मनाच्या मागे गेला. या विषयातले बहुतेक मोठे अपघात मी वाचले तेव्हा मला हेच दिसलं.

दोन जंबो जेट रनवेवर एकमेकांवर आदळले होते तो अपघात नुसत्या 'ओके' शब्दामुळे झाला असं मी ऐकलं. खरं आहे का? — एक रिटायर्ड बँक कर्मचारी, लोकमान्यनगर, इंदूर

नुसत्या ओकेमुळे नाही, पण ओकेचा हात आहे. २७ मार्च १९७७, स्पेनचं टेनेरिफ बेट, लॉस रोदेओस एअरपोर्ट. शेजारच्या ग्रान कनारिया बेटावरच्या एअरपोर्टवर बॉम्ब फुटला म्हणून सगळी विमानं या छोट्या एअरपोर्टवर वळवलेली, जागा नाही म्हणून टॅक्सीवेवर, म्हणजे रनवेकडे जायच्या रस्त्यावर, विमानं उभी, त्यात धुकं. केएलएम या डच कंपनीचं जंबो रनवेच्या टोकाला टेकऑफसाठी उभं आणि पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचं जंबो त्याच रनवेवरून समोरून हळूहळू येतंय. धुक्यामुळे दोघांनाही एकमेक दिसत नाहीत, टॉवरला तर दोघंही दिसत नाहीत. म्हणजे जे काही आहे ते आवाजावर.

केएलएमला वर गेल्यावर कुठून कसं जायचं ती परवानगी मिळाली होती, टेकऑफची नव्हती. को-पायलटने ती परत म्हटली आणि शेवटी जोडलं, 'वी आर नाऊ ॲट टेकऑफ'. आता याचा अर्थ काय? आम्ही टेकऑफच्या जागी उभे आहोत, की आम्ही निघालो? विमान प्रत्यक्षात निघालं होतं. कंट्रोलरला वाटलं उभं आहे. तो म्हणाला 'ओके', आणि मग म्हणाला, टेकऑफसाठी थांबा, मी सांगतो. पण त्याच क्षणी पॅन ॲमवाल्यांनी घाबरून सांगितलं की आम्ही अजून रनवेवरच आहोत. दोन्ही बटणं एकदम दाबली गेली. केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके' ऐकू आलं आणि त्यापुढे चिरका आवाज. ही दोन वाक्यं, यातलं कुठलंही एक नीट ऐकू आलं असतं तरी पुरलं असतं! मला हे दर वेळी वाचताना त्रास होतो. पुढे फ्लाइट इंजिनीअरने विचारलं देखील, तो पॅन ॲमवाला रनवेवरून बाहेर नाही झाला का? कॅप्टन ठामपणे म्हणाला, झालाय. कॅप्टन कंपनीतला फार मोठा माणूस, त्याच्यापुढे दुसऱ्यांदा कोण बोलणार. ५८३ माणसं गेली.

त्यानंतर नियम झाला की 'टेकऑफ' हा शब्द फक्त टेकऑफची परवानगी देताना किंवा रद्द करताना उच्चारायचा, बाकी सगळीकडे 'डिपार्चर' म्हणायचं. आणि नुसतं ओके म्हणून भागवायचं नाही.

पण शब्द बांधले म्हणून प्रश्न संपला असंही नाही. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा एअरपोर्टवर काय झालं बघा. आदल्या दिवशी नोटो भागात भूकंप झाला होता, कोस्ट गार्डचं छोटं विमान मदतीचं सामान घेऊन निघालं होतं. टॉवरने त्याला सांगितलं, उडायच्या रांगेत तुमचा नंबर पहिला, रनवेच्या बाहेर सी-फाइव्ह नावाच्या जागी येऊन थांबा. त्याने ते बरोबर परत म्हटलं, रीडबॅकमध्ये चूक नाही! पण 'नंबर वन' ऐकल्यावर कॅप्टनचा समज झाला की आपल्याला रनवे मिळाला, आणि ते आत जाऊन सुमारे ४० सेकंद उभं राहिलं. मागून जपान एअरलाइन्सचं एअरबस ए-३५० उतरलं ते त्याच्यावर. छोट्या विमानातल्या सहापैकी पाच गेले, मोठ्यातले ३७९ च्या ३७९ बाहेर आले, विमान पूर्ण जळलं. त्यानंतर जपानने काही काळ तो 'नंबर वन' सांगायचा प्रकारच थांबवला. तोंडाने बरोबर म्हटलं म्हणजे डोक्यात बरोबर गेलं असं नसतं, हे मी नवीन पोरांना नेहमी सांगायचो, हानेदाच्या आधीपासून.

चरखी दादरीच्या अपघातात पायलटला इंग्रजी येत नव्हतं म्हणतात. मग सगळं हिंदीतच का नाही बोलत? आपल्या देशात आपली भाषा. — एक आजोबा, लश्कर, ग्वाल्हेर

आजोबा, दोन प्रश्न आहेत यात. पहिला आधी.

१२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ, दिल्लीजवळ हरियाणातलं चरखी दादरी. सौदी अरेबियाचं जंबो दिल्लीहून वर चढतंय, कझाकस्तानचं इल्युशिन ७६ दिल्लीकडे उतरतंय, दोघं समोरासमोर. सौदीला १४ हजार फुटांपर्यंत परवानगी, कझाकला १५ हजारावर थांबायला सांगितलेलं, मध्ये १ हजार फूट, जे नियमाप्रमाणे पुरेसं आहे. कंट्रोलरने कझाक विमानाला सावधही केलं की समोरून विमान येतंय, १४ मैलांवर आहे, त्याची उंची १४ हजार. आणि कझाक विमान १५ हजार सोडून खाली आलं. ३४९ माणसं, दोन्ही विमानांतलं कोणीही वाचलं नाही. चौकशी आयोगाने कझाक क्रूने दिलेली उंची सोडली हे मूळ कारण सांगितलं आणि त्यांचं कच्चं इंग्रजी, त्यामुळे सूचनेचा लावलेला चुकीचा अर्थ, हेही त्यात नोंदवलं. विचार करा, एकाच मिनिटात १४ मैल, १४ हजार, १५ हजार असे आकडे परक्या भाषेत कानावर पडतायत. शिवाय त्या विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा होता, त्याच्यासमोर उंचीचं मीटर नव्हतं, पायलटच्या खांद्यावरून डोकावून बघावं लागायचं. म्हणजे ज्याला सूचना ऐकू येत होती त्याला उंची दिसत नव्हती. आणि दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर विमानाची जागा दिसायची, उंची नाही. उंचीसाठी कंट्रोलरकडे फक्त पायलटचा शब्द. नुसतं इंग्रजी-इंग्रजी म्हणून त्या अपघाताचा विषय संपवणं मला पटत नाही.

त्यानंतर दिल्लीत येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे रस्ते वेगळे झाले आणि विमानं जवळ आली की कॉकपिटमध्येच ओरडून सांगणारं टक्कर टाळायचं यंत्र भारतात सक्तीचं झालं.

आता हिंदीचं. नियम काय आहे की जमिनीवरच्या स्टेशनची भाषा वापरता येते, पण कोणी इंग्रजी मागितली तर ती मिळालीच पाहिजे. काही देशांत कंट्रोलर आपल्या पायलटांशी आपल्या भाषेत बोलतात. मला स्वतःला ते धोक्याचं वाटतं. का ते सांगतो. १० सप्टेंबर १९७६, झाग्रेब, तेव्हाचं युगोस्लाव्हिया. ब्रिटिश एअरवेजचं विमान ३३ हजार फुटांवर सरळ चाललंय, तिथलं एक विमान त्या उंचीतून वर चढतंय. कंट्रोलरच्या अगदी शेवटी लक्षात आलं, आणि घाईत तो स्वतःच्या भाषेत बोलला, सर्बो-क्रोएशियनमध्ये, की आहे त्या उंचीवरच थांब. चढणारा पायलट थांबला, आणि नेमका ब्रिटिश विमानाच्या उंचीवर थांबला. ब्रिटिश पायलटांच्या कानावर ते सगळं पडत होतं पण कळत काहीच नव्हतं. १७६ माणसं.

फ्रिक्वेन्सीवर सगळे सगळ्यांचं ऐकतात हा मोठा आधार असतो, कंट्रोलर चुकला तर तिसराच कोणी पायलट मध्ये बोलून सांगतो की अहो त्या रनवेवर तर अमुक उभा आहे. हे मी पाहिलंय. एक भाषा नसली की तो आधार गेला. मराठीवर माझं प्रेम कमी नाही आजोबा, पण तिथे मला सगळ्यांना कळेल तीच भाषा हवी.

आमच्या इंदूरहून गेलेलं विमान मुंबईत उतरलं आणि त्याच रनवेवर पुढे दुसरं विमान उडत होतं, तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. ते पण ऐकण्यातल्या गडबडीमुळेच का? — चार-पाच वाचक, इंदूर

८ जून २०२४ ची गोष्ट. नाही, त्यात ऐकण्याचा घोळ असल्याचं कुठेही पुढे आलं नाही. उतरणाऱ्या विमानाच्या कंपनीने सांगितलं की आमच्या पायलटने टॉवरच्या सूचनेप्रमाणेच विमान उतरवलं, आणि डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, त्या कंट्रोलरला ड्यूटीवरून बाजूला करून चौकशी लावली. तो प्रश्न दोन विमानांत किती अंतर ठेवलं याचा. मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात म्हणून एका वेळी एकच चालतो आणि विमानांची रांग मोठी, तिथे काम करणं किती कठीण आहे ते बाहेरून कळत नाही. व्हिडिओवर लगेच निकाल देऊ नका एवढी विनंती.

पायलट 'मेडे' तीनदा का म्हणतात? — इयत्ता नववी, सुदामानगर, इंदूर

बेटा, मेडे म्हणजे विमान मोठ्या संकटात आहे असं सांगायचा शब्द. एकदा म्हटलेलं खरखरीत हरवू शकतं, तीनदा म्हटलेलं हरवत नाही, आणि तीनदा म्हटलं की दुसरंच कोणी त्याच्याबद्दल बोलतंय असंही वाटत नाही. शब्द फ्रेंच 'मेदे' वरून आलाय, म्हणजे मला मदत करा.

तो शब्द न उच्चारल्याने काय झालं ते पण सांगतो. २५ जानेवारी १९९०, कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीचं फ्लाइट ५२ हे बोइंग ७०७ न्यूयॉर्कला आलं, हवा खराब, त्याला आकाशात तासाहून जास्त वेळ गोल फिरवत ठेवलं. कॅप्टनला इंग्रजी फार येत नव्हतं, तो को-पायलटला स्पॅनिशमध्ये म्हणाला, त्यांना सांग आपली इमर्जन्सी आहे. को-पायलटने इंग्रजीत सांगितलं, आमचं इंधन संपत चाललंय. त्याला वाटलं सांगितलं. पण कंट्रोलरच्या कानाला ते रोजच्या तक्रारीसारखं लागलं, कारण त्या रात्री सगळ्यांचंच इंधन कमी होत होतं. मेडे किंवा इमर्जन्सी हे शब्द आले असते तर बाकी सगळं बाजूला सारून त्याला आधी उतरवलं असतं. विमान लाँग आयलंडवर पडलं, १५८ पैकी ७३ गेले. संकोच म्हण, भाषा म्हण, थकवा म्हण. मला त्यात संकोच जास्त दिसतो, मोठ्या एअरपोर्टच्या भरभर बोलणाऱ्या माणसापुढे आवाज चढवायचा संकोच.

मी बीएस्सी करतेय, फिजिक्स-मॅथ्स. मला एटीसीत (एअर ट्रॅफिक कंट्रोलमध्ये) जायचंय पण माझं शिक्षण हिंदी मीडियममध्ये झालं आणि घरी मराठी, त्यामुळे माझे इंग्रजी उच्चार चांगले नाहीत. मैत्रिणी म्हणतात सोडून दे. — एक विद्यार्थिनी, रामबाग, इंदूर

सोडू नको. फिजिक्स-मॅथ्स घेऊन बीएस्सी म्हणजे तू फॉर्म भरू शकतेस, एअरपोर्ट अथॉरिटीची ज्युनियर एक्झिक्युटिव्हची परीक्षा असते, पास झालीस की व्हॉइस टेस्ट होते, ट्रेनिंग प्रयागराज, हैदराबाद किंवा आपल्या गोंदियाला.

उच्चाराचं ऐक. इंटरनॅशनल नियमात इंग्रजीच्या सहा पातळ्या आहेत, कामाला चौथी लागते. त्यात बोलण्यावर तुझ्या भाषेची छाप असली तरी चालते, समोरच्याला कळायला अडचण झाली नाही म्हणजे झालं. चौथीवाल्याची तीन वर्षांनी परत परीक्षा होते. मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्यातले सगळ्यात चांगले कंट्रोलर साधं, सावकाश, सपाट इंग्रजी बोलायचे, एक बाई तर इतक्या शांत बोलायच्या की परदेशी पायलटसुद्धा त्यांच्या फ्रिक्वेन्सीवर आला की त्याचा बोलायचा स्पीड आपोआप कमी व्हायचा. फाडफाड बोलणाऱ्यांनाच पायलटकडून 'से अगेन', म्हणजे परत सांगा, जास्त यायचं.

ॲक्सेंटची काळजी करण्यापेक्षा एक कर. घरी भावाला किंवा आईला पाठीला पाठ लावून बसव, टीव्ही चालू ठेव, आणि त्यांना कागदावरचे पाच-पाच आकडे इंग्रजीत सुटे सुटे वाचायला सांग, तू परत म्हण. मधूनमधून त्यांनी मुद्दाम चुकीचं वाचायचं आणि तू पकडायचं. मग उलटं कर, तू वाच आणि त्यांनी परत म्हणताना एखादा आकडा बदलायचा. हे उलटं जास्त कठीण जाईल, पहिल्या दिवशी दहातल्या तीन-चार सुटतील, सुटू देत. रोज वीस मिनिटं कर आणि महिन्याने मला लिही किती सुटतायत.